सव्वा महिन्याचं सुतक

गुलाबताई, तुझा फोन माझ्याकडे आहे. तुला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या मुलानं, रमेशनं, तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बाई, ह्यो सारका वाजतो. हिंदीतनं बोलतान, मना काय समजत नाय." तेव्हापासून तो माझ्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. वाजला की माझ्या हातातलं लाटणं थांबतं. पोळी करपते. मी आधी नंबर बघते, मग देवाकडे बघते आणि मग उचलते.

तुझ्यावर काही लिहून द्या, असं तुमच्या गावच्या महिला मंडळानं सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, जमिनीच्या आंदोलनात कुठे लाठी खाल्ली वगैरे. ते कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय, कारण तुझ्या नावावर मी एक थाप मारून ठेवली आहे आणि आता ती निस्तरायला मला एकटीला जायचं आहे. मला फार भीती वाटतेय, ताई. इतकी, की धड रडताही येत नाही.

हे सगळं तुझ्या माडीवरच्या खोलीतून सुरू झालं. नावड्यातल्या तुझ्या घरावर तू दोन मजले चढवलेस आणि भाडेकरू ठेवलेस, त्यातल्या एका खोलीत ईशान्येकडच्या दोन मुली. एक वाशीत पार्लरमध्ये, दुसरी पनवेलकडे एका हॉस्पिटलात. तुला त्यांची नावं काही केल्या जमेनात, म्हणून तू त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकलंस. मीही इथे तेच लिहिते, म्हणजे त्यांच्या घरच्यांना त्रास नको. त्या राज्याचंही नाव लिहीत नाही. थोरली खोऱ्यातली, धाकटी डोंगरातली, एवढं पुरे. इथे एका कुकरमध्ये भात लावणाऱ्या या दोघींची माणसं तिकडे एकमेकांची घरं जाळायला लागली, आणि तुझ्या माडीवर एकाच्या दोन चुली झाल्या.

तू त्यांना खोली सोडायला सांगितलं नाहीस. लोकांनी सांगून पाहिलं, "गुलाबताय, इकती टेन्शन कनाला घेतंस, दुसरं भाडोत्री मिलतील." तू म्हणालीस, "मिलतील. पन ह्या कुठं जातील?" मग तुला कळलं की थोरलीचा बाप तांदळाचा ट्रक घेऊन डोंगरात गेला होता, तो तिथेच अडकला. आणि धाकटीचा भाऊ खोऱ्यातल्या गावात शिकत होता, त्याला तिथल्यांनी धरून ठेवलं. दोघं जिवंत होते म्हणे. म्हणे! एवढ्या एका शब्दावर त्या दोन मुली दिवस काढत होत्या, एकीचं तोंड भिंतीकडे, दुसरीचं खिडकीकडे.

तू माझ्याकडे कोपरखैरण्याला आलीस ती भर दुपारी. तुझी सून प्रतिभा माझी विद्यार्थिनी, तेवढीच आपली ओळख. हळदीकुंकवाला भेटायचो, सुकटीवरून एकमेकींना चिडवायचो. मी माळकरी, तू आगरी. माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाहीस. उभ्याउभ्याच म्हणालीस, "मास्तरनी, तुजी हिंदी चांगली हाय. तू चल माज्यासंगती."

मी हसले. मला वाटलं पोलीस स्टेशनपर्यंत.

तुझा हिशेब सरळ होता. तिकडे खोऱ्यातला माणूस डोंगरात जाऊ शकत नाही, डोंगरातला खोऱ्यात उतरू शकत नाही. सरकारी माणसावर दोघांचाही भरवसा नाही. "आपुन कोनाचीच नाय," तू म्हणालीस, "म्हनून आपल्याला जाता येल." जमिनी गेल्याच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून सख्खे भाऊ कोयते घेऊन उभे राहिले होते, तेव्हा तू असंच केलं होतंस ना? या घरातून त्या घरात. दोघांच्याही घरी जेवायचं आणि निरोप न्यायचे. गावकीतले पंच दमले, तू दमली नाहीस. मी म्हटलं, ताई, तिथे कोयते होते, इथे बंदुका आहेत. तू म्हणालीस, "भांडान तेच हाय."

भांडण तेच नव्हतं. ते तुलाही माहीत होतं.

मला अजून कळत नाही मी हो कसं म्हणाले. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पाठीवर पोती वाहून त्यांनी मला शिकवलं, आणि मी आयुष्यभर कशाला घाबरले नाही ते सांग. झुरळ, साहेब, लिफ्ट, इनकम टॅक्स. मुलगा परदेशी, नवरा गेलेला, निवृत्त मास्तरीण. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढंच असेल. विमानात तू माझ्या मांडीवर तुझी पिशवी ठेवलीस. तिच्यात प्लास्टिकच्या सात घड्या घालून सुका जवळा होता. तरी वास आला. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून माझ्याकडे बघायला लागला, माझ्या गळ्यातल्या माळेकडेही बघायला लागला. तू खिडकीतून ढग बघत बसलीस, जसं काही ती पिशवी माझीच.

पहिला नाका आला. वाळूची पोती, त्यामागे एक पत्र्याचं शेड, आणि आमच्या दहावीच्या मुलांहून थोडी मोठी असतील अशी पोरं, खांद्यावर बंदुका. एकानं आपली आधारकार्डं घेतली. आडनावं वाचताना त्याचे ओठ हलत होते. ही कोणाची, कुठली, कुणाच्या बाजूची, हे तो आडनावात शोधत होता. आपल्या आडनावांत त्याला काही सापडेना. मी मनात एकोणतिसाचा पाढा म्हणत होते, कारण तो मला कधीच सलग येत नाही आणि त्यात जीव गुंततो. एकोणतीस सक्कंपाशी अडकले होते तेव्हा तू पिशवी उघडलीस. त्या पोरानं आधी नाक मुरडलं, मग वाकून वास घेतला आणि हसला. त्याच्या आईकडेही सुकी मासळी लागते, रोज लागते. तू मूठभर काढून कागदात बांधून दिलीस आणि त्याला म्हणालीस, "कांदा जास्ती टाक." मी भाषांतर केलं.

खोऱ्यातल्या त्या गावात सगळं एका ठेकेदाराच्या हातात होतं. रस्ते बांधायचा पूर्वी, आता गावाच्या पहाऱ्याची पोरं त्याच्या शब्दात. त्यानं आपल्याला चहा दिला, जेवायला घातलं, आणि जेवताना शांतपणे सांगितलं की म्हातारा ड्रायव्हर परत नाही आला तर मुलाचं काय करायचं ते आमच्या पोरांना विचारावं लागणार नाही. मी घास हातात धरून बसले. तू पानातलं सगळं संपवलंस, माझ्या पानातली मासळीसुद्धा उचललीस, "हिच्या वाटचा मीच खाते, ही माळकरी हाय," आणि मग विचारलंस, "पोरगा जेवतो काय?" तो माणूस गोंधळला. म्हणाला, जेवतो. तू म्हणालीस, मना बघायचा हाय. दाखवला त्यानं. धाकटीचा तो भाऊ भिंतीला टेकून बसला होता, आणि बहिणीचं नाव काढल्यावर त्यानं फक्त विचारलं, तिचा दात दुखायचा थांबला का.

मधला पट्टा आपण चालत गेलो. आपला ड्रायव्हर दोन्हीकडचा नव्हता, तरी पुलाच्या पुढे येईना. एका बाजूची पोती मागे राहिली, दुसऱ्या बाजूची पुढे दिसत होती, आणि मध्ये नुसती जळकी घरं. एका शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं राहिली होती, छप्पर नव्हतं. तिथं मला चालवेना. आयुष्य ज्या भिंतीसमोर गेलं तशीच ती भिंत. मला वाटलं, मागून गोळी येईल का पुढून, एवढाच प्रश्न आहे. तू माझा हात धरलास. तुझा तळहात घामानं ओला होता. तू म्हणालीस, "मना पन भीती वाटते गो. पन आता बोलू नको, चाल." तुझ्या तोंडून ते ऐकून माझा धीर सुटायला हवा होता. उलट मी चालायला लागले. का, ते मला सांगता येत नाही.

डोंगरात एक मुखिया होता, पांढऱ्या मिशांचा. मोडकी हिंदी बोलायचा, लष्करात होता पूर्वी. थोरलीच्या बापाला त्यानं स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. म्हातारा दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वेटरमध्ये होता. आपण कोण ते कळल्यावर त्यानं तुझे दोन्ही हात धरले आणि मुलीला निरोप दिला: घरमालकिणीशी भांडू नकोस. तू एवढी हसलीस की पहारेकरी आत डोकावून गेला. बाहेर आल्यावर मात्र मुखियाच्या पोरांनी जे ऐकवलं ते हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या गावात काय काय झालं, कुणाच्या बहिणीला, कुणाच्या आजोबाला. आणि खोऱ्यातल्यांना जाऊन सांगा, म्हणाले, आम्ही काय काय करणार आहोत ते.

मी सगळं ऐकून घेतलं होतं, शब्दन् शब्द. शिक्षिकेची सवय. परत खोऱ्यात पोचल्यावर मी तडक ठेकेदाराकडे जायला निघाले तर तू मला खाली बसवलंस. "ताजा निरोप देऊ नाय. येक रात जाऊ दे त्याच्यावर." सकाळी तू मला विचारलंस, काय काय लक्षात आहे. मी सांगत गेले आणि तू एकेक काढून टाकत गेलीस. ही शिवी नको. ही धमकी नको. हे त्या पोराचं स्वतःचं दुःख आहे, हे सांग. म्हातारा बरा आहे, हे आधी सांग.

आपलं कडाक्याचं भांडण झालं ते यावरून. मी म्हटलं, ताई, हे खोटं आहे. निरोप नेणाऱ्यानं निरोप जसाच्या तसा द्यावा, नाहीतर त्याला काय अर्थ? उद्या त्यांना कळलं की आपण गाळतो, तर आपल्यावर कोण विश्वास ठेवील? आपण ज्या बाईंकडे उतरलो होतो त्यांच्या घरचे तांदूळ तू निवडत होतीस, उगाच, हाताला चाळा म्हणून. म्हणालीस, "कललं तवा कललं. तवर मानूस जिता राहील." मी म्हटलं, हे उत्तर नाही. तू म्हणालीस, "मग तू मोठ्ठी सत्यवान. जा, सांग शिव्या." मी गेले नाही. पण परतीच्या विमानात आपण एकमेकींशी बोललो नाही, आणि नंतरही तो विषय निघाला की मी म्हणायचे, तुझं चुकलंच. तू म्हणायचीस, "बरं." हे तुझं "बरं" मला फार लागायचं.

तरी जमलं. इतक्या साध्या शब्दांत लिहिलं की खरं वाटत नाही, पण जमलं होतं. फोनवरून हो-नाही करत, दोघांचे निरोप रात्रभर ठेवून सकाळी पोचवत, तू त्यांना पुलावर यायला तयार केलंस. पुढच्या महिन्यात, पौर्णिमा झाली की, एका बाजूनं म्हातारा येईल, दुसऱ्या बाजूनं मुलगा. मुलाला पुलापर्यंत आणायला मधल्या गावांची संमती हवी होती, म्हणून ठेकेदारानं तेवढा वेळ मागून घेतला. आणि दोघांचीही अट एकच, दोघांनी एकमेकांना न विचारता घातलेली: समोरच्याच्या हातात देणार नाही. अम्माच्या हातात देऊ.

अम्मा म्हणजे तू.

आणि तू वालाच्या शेंगा सोलत बसलेली असताना ओट्यावर कलंडलीस. सकाळची वेळ, वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून आला होता, प्रतिभा वासाला कंटाळून खिडकी लावायला उठली, तेवढ्यात. धाकटी रात्रपाळी करून नुकतीच आली होती. तिनं तुझ्या छातीवर दाब देत देत हात सोडले नाहीत. थोरली चपला न घालता रिक्षा आणायला धावली. कित्येक महिन्यांनी त्या दोघी एकमेकींशी बोलल्या ते असं: "धर," आणि "धरलंय." तू ऐकलं असतंस तर बरं झालं असतं.

फोन चौथ्या दिवशी वाजला. मुखिया. मी उचलला आणि अम्मा कुठे आहे असं त्यानं विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुझ्याबरोबर काय काय गेलंय. करार कागदावर नव्हताच. तो तुझ्या दोन हातांवर होता. मी सांगितलं, अम्मा राहिली नाही. पलीकडे कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. मला वाटलं, आता हा म्हणेल, संपलं. त्या स्वेटरमधल्या म्हाताऱ्याचं संपलं.

त्यानं विचारलं, "तुमच्यात किती दिवस पाळतात?"

मी विचारलं, कशासाठी?

तो म्हणाला, "ती आमच्या घरी जेवली आहे. तुमचं सुतक आहे तोवर त्या पुलावर आमच्याकडून गोळी सुटणार नाही. म्हाताऱ्याला कुणी हात लावणार नाही. सुतक संपायच्या आत तू ये, तिच्या जागी."

तुमच्या घरात तेराव्याला सगळं उरकतं, मला माहीत आहे. महिनाभर पाळणं तुमच्यात नाही, तेराव्याला गोडाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी लोक कामाला. पण तेरा दिवसांत पौर्णिमाही येत नव्हती आणि ठेकेदाराकडचा मुलगाही पुलापर्यंत पोचत नव्हता. मी, निरोप जसाच्या तसा द्यावा म्हणणारी, माझ्या तोंडून निघून गेलं, "सव्वा महिना."

तो म्हणाला, "ठीक."

मग ठेकेदाराला सांगावं लागलं. त्याला मुखिया काय म्हणाला ते सांगितलं, बरंच गाळून. त्यानंही तेवढेच दिवस द्यायचं कबूल केलं. नंतर त्यानं विचारलं, तुमच्यात सुतकात काय करत नाहीत? मी मास्तरणीसारखं सांगत गेले: लग्नकार्य नाही, वाजंत्री नाही, गोडधोड नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं आहे. आमची पोरं तुमच्याकडे राहणाऱ्या त्या दोन मुलींचे व्हिडिओ बघत असतात. कळतं आम्हाला तुमच्याकडचं सगळं." सहज म्हणाला. फोन ठेवला आणि मला प्रणयची हळद आठवली.

तुझ्या नातवाचं लग्न. पत्रिका वाटून झालेल्या, हॉल घेतलेला, डीजे सांगितलेला. तुमच्याकडची हळद म्हणजे काय ते मला सांगायला नको. अख्खा गाव नाचतो आणि पहाटेपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर तो नाच असतो. तुझ्या अंगणात, थोरली-धाकटीच्या खिडकीखाली. तारीख अशी, की तेरावं होऊन गेलेलं आणि पौर्णिमा यायची. तुमच्या रिवाजाप्रमाणे बरोबरच होतं सगळं. माझ्या थापेप्रमाणे नव्हतं.

मी कुणाला बोलले नाही. दहाव्याला घाटावर आले. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेले, खाली येईनात. ऊन चढायला लागलं. कुणी म्हणालं, माडीवरच्या पोरींचं सांगा. रमेशनं हात जोडून सांगितलं, पोरींना सांभाळू. नाही आला. कुणी म्हणालं, घराचं सांगा. नाही आला. मग रमेश रडतच पुढे झाला आणि म्हणाला, "आई, तू बोललीवतीस ना, मी मेले तरी पोराची हल्द थांबवाची नाय. नाय थांबवनार. ठरल्या दिशी करनार, वाजवून करनार." आणि कावळा आला, ताई. सरळ आला, आणि शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बायका डोळे पुसायला लागल्या, तुझी इच्छा कळली म्हणून. मी उन्हात उभी राहून पौर्णिमेला किती दिवस उरले ते मोजत होते.

त्या दिवशी बोलणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या ओट्यावर येऊन बसले आणि सगळं सांगितलं, गाळलं काहीच नाही. बंदुकीची मला भीती वाटली होती, पण तुझ्या मुलाच्या तोंडाकडे बघताना जास्त वाटली. रमेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "बाई, घाटावर बोललूय मी. कावला शिवला. आता आईला दिलेला शबूद फिरवू? भाडोत्र्यांसाटी?" त्याचा काका उठून गेला. जाता जाता म्हणाला, शिकलेल्या बायांना काय, आमचं मानूस अडकून पडंल ते.

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. दुसरं काय म्हणणार? चूक माझी जीभ करून बसली होती. मी उठले.

प्रतिभानं मला बसवलं. ती कोपऱ्यात वालाचं कालवण ढवळत होती, तिनं गॅस बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, "आई गेली तवा तिच्या छातीवर हात कोनाचं व्हतं? मी खिडकी लावत व्हते. तू ड्युटीवर. हात धाकटीचं व्हतं. तिचा भाव तिथं बसलाय आन् आपुन डीजे लावायचा?" मग माझ्याकडे वळून, शाळेत वर्गात उभी राहायची तशी, "बाई, हळद पुढे ढकलली. नवरीकडच्यांना मी सांगते. आईंना काय वाटायचं ते वाटू दे, नंतर मी बघून घेईन त्यांचं."

बघून घेईन! तुझ्याशी, मेल्यावरही! मला तेव्हा इतकं हसू आलं, ताई, आणि लगेच रडू, कारण आता न जाण्याला माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं.

तुमच्या भावकीत काही लोक माझ्याशी आणि प्रतिभाशी बोलत नाहीत. हळदीची संध्याकाळ आली तेव्हा मी तुझ्या घरीच होते. मांडव नव्हता. गावातल्या बायका तरी आल्या, सवयीनं आल्यासारख्या, अंगणात बसल्या आणि कुणी गाणं म्हटलं नाही. प्रणय जिन्याच्या पायरीवर फोन बघत बसला होता, तोंड पडलेलं. थोरलीनं खाली येऊन त्याला काहीतरी सांगितलं. तिच्या आईचा फोन होता. तिकडे पुलाच्या आसपासची माणसं घरात झोपायला लागली आहेत, शेतात नाही. प्रणय म्हणाला, "हां, ठीके ना," आणि नाक ओढलं. तुझ्या घरातलं इतकं मूक अंगण मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना आणि तिथून उठवेनाही.

तू असतीस तर माझी चेष्टा केली असतीस. सत्यवान मास्तरीण, पहिलाच निरोप आणि पहिलीच थाप. मी तुझ्याशी भांडले त्याचं आता मला काय वाटतं? तुझं बरोबर होतं असं म्हणवत नाही, अजूनही. त्यांना कळलं तर काय, हा माझा प्रश्न तसाच आहे, फक्त आता तो माझ्याच मानेवर बसलाय. त्या पुलावर उभी असताना कुणी म्हणालं, तुमच्या नावड्यात तर तेराव्यालाच फिटतं, तर मी काय सांगणार? तुझ्यासारखं पोरगा जेवतो काय विचारून विषय बदलणं मला जमणार नाही. मला भाषांतर येतं. तू बोलायचीस, मी सांगायचे. आता मी कुणाचं सांगू?

आणि हेही सांगायचं राहून गेलं, की त्या चालण्यात तू माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं होतं, हिच्याबरोबर मेले तरी चालेल. इतकं मी माझ्या नवऱ्याबद्दलही कधी म्हटलं नव्हतं. परत आल्यावर सांगणार होते, पण विमानात आपला अबोला होता.

उद्या सकाळी माझं विमान आहे. बॅगेत औषधं आहेत, धाकटीनं भावासाठी दिलेलं जॅकेट आहे, आणि प्रतिभानं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला जवळा, जो या वेळी खरोखरच माझा. रमेश विमानतळावर सोडायला येतो म्हणाला. बाकी काही बोलला नाही, पण येतो म्हणाला.

दुपारी तुझा दीर माझ्याकडे मुद्दाम येऊन गेला. वाईट माणूस नाही तो. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तरनी, घाटावरचा शबूद मोरला तुमी. इच्छा राह्यली का मानूस जात नाय. फिरत राहतंय घराभवती. आमची गुलाब सुटली नाय बघा." मी त्याला म्हटलं, माफ करा. आणि दार लावून घेतल्यावर, ताई, गेल्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा धीर आला. सुटू नकोस. त्या पुलावर मला एकटीला उभं राहता येणार नाही.